एकदा मांडा, कितीही वापरा

जगातले सगळे प्रोग्रामर चांगले प्रोग्राम लिहायला बसतात आणि त्यातून बिघडलेले निपजतात. ताई मात्र गेली अकरा वर्षं ठरवून बिघडलेले प्रोग्राम लिहीत होती, आणि ते बिचारे इतके इमानी की एकदा बिघडले ते बिघडलेच, चुकूनसुद्धा सुधारले नाहीत. हा धंदा ऐकून लोक हसायचे. "म्हणजे खोड्या करायचा पगार मिळतो तुला?" असं तिच्या आत्याने एकदा विचारलं होतं. "हो, आणि खोडी नीट नाही जमली तर साहेब ओरडतात," असं ताईने सांगितलं होतं. त्यात थट्टा कमी आणि खरं जास्त होतं.

तिची कंपनी डीबगर बनवायची. डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधली चूक शोधून काढायचं हत्यार. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा आणि त्या क्षणी त्याच्या पोटातल्या कुठल्या कप्प्यात काय आहे ते उघडून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. पण खुद्द हत्यारच धड आहे की नाही, हे कसं ओळखायचं? त्यासाठी अशी चूक लागते, जी नेमकी कुठे आहे हे आपल्याला आधीच पक्कं ठाऊक असतं. ताई त्या चुका घडवायची. वीस-तीस ओळींचे इवलेसे प्रोग्राम, प्रत्येकाला एकच खोड. ऑफिसच्या भाषेत त्यांना फिक्स्चर म्हणत. ताईने त्यांना नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. एक चकणा होता, तो दर वेळी शेजारच्याच कप्प्यात बघायचा. एक हावरट, मिळेल तेवढी जागा गिळून बसणारा. दोन अडेलतट्टू होते, ते 'आधी तू, आधी तू' करत जन्मभर समोरासमोर उभे राहायचे. आणि एक विसरभोळा. त्याने एक कप्पा उघडलेला असायचा, पण त्यात काही ठेवायचं राहूनच गेलेलं असायचं, त्यामुळे आधीचा कोणीतरी टाकून गेलेला कचरा तो आपलाच समजून वापरायचा.

सात वर्षांपूर्वी या मंडळींची तपासणी फार रेंगाळायची. प्रत्येक चाचणीच्या आधी फिक्स्चर नव्याने मांडायचं, डीबगर त्याला नव्याने जोडायचा, काम झालं की सगळं पुसून कोरं करायचं, आणि पुढच्या चाचणीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तीनशे चाळीस चाचण्यांना पाऊण तास. लोक तोवर कॉफीच्या यंत्राभोवती गप्पा छाटत उभे. मग ताईने डोकं लढवलं. घरात प्रत्येकाच्या आंघोळीला वेगळं पाणी कोण तापवतं? एकदा बंब पेटवला की सगळ्यांचं होतं. तिने फिक्स्चर एकदाच मांडायची, डीबगर एकदाच जोडायचा आणि सगळ्या चाचण्या त्याच मांडणीवर एकामागून एक उरकायच्या, अशी व्यवस्था लिहिली. पाऊण तासाचं काम सहा मिनिटांवर आलं. फाइलच्या माथ्यावर तिने ऐटीत एक ओळ घातली: 'एकदा मांडा, कितीही वापरा.' त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना उभं करून तिच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या, आणि खोटं कशाला बोला, ताईला त्या टाळ्या बरेच दिवस ऐकू येत होत्या.

या गोष्टीतलं सगळं वाटोळं त्या टाळ्यांपासून सुरू होतं, पण तेव्हा कोणाला काय कल्पना.

यंदा कंपनीने चाचण्या नव्या सर्व्हरवर हलवल्या. नव्या सर्व्हरला एक वेगळीच खोड होती. तो चाचण्या ठरलेल्या क्रमाने न चालवता दर वेळी पत्त्यांसारख्या पिसून चालवायचा. सोमवारी निकालाच्या फळ्यावर तीनशे एकोणचाळीस चाचण्यांपुढे हिरवे दिवे लागले आणि एकीपुढे लाल, म्हणजे नापास. विसरभोळा.

"परत चालव," शेजारची चष्मेवाली म्हणाली. ती चांगली प्रोग्रामर होती, पण लाल दिवा दिसला की परत चालवायचं आणि हिरवा झाला की विषय मिटवायचा, हीच तिथली सगळ्यांची रीत होती. ताईने परत चालवलं. हिरवा.

"बघ, नवा सर्व्हर आहे, रुळेल हळूहळू," चष्मेवाली म्हणाली.

मंगळवारी लाल, बुधवारी हिरवा, गुरुवारी लाल. शुक्रवारी सकाळी ताईने मानेवर येणाऱ्या एसीच्या झोताला शिव्या देत स्वेटरची वरची गुंडी लावली, बाकीच्या तीनशे एकोणचाळीस चाचण्या बाजूला केल्या आणि एकट्या विसरभोळ्याला कोऱ्या मांडणीवर चालवलं. लाल. पुन्हा चालवलं. लाल. वीस वेळा चालवलं, वीसही वेळा लाल.

कारण शोधायला तिला तासही लागला नाही. सात वर्षांपूर्वी, तिची व्यवस्था आल्यावर लगेचच, डीबगर वेग वाढवण्यासाठी प्रोग्राममधल्या कप्प्यांची नोंद स्वतःच्या एका वहीत ठेवायला लागला होता आणि दाखवताना त्या वहीतून वाचून दाखवायचा. नुकत्याच सुरू झालेल्या प्रोग्रामला तो जोडला, तर पहिले काही क्षण ही वही कोरीच असायची. आणि कोऱ्या जागी काय दाखवायचं? तर शून्य. विसरभोळ्याच्या कप्प्यात मागचा सात पडलेला असला, तरी डीबगर छातीठोकपणे सांगायचा, शून्य आहे. ताईच्या मांडणीत विसरभोळ्याचा नंबर यायचा शंभरावा. तोवर आधीच्या नव्याण्णव चाचण्यांनी ती वही भरून ठेवलेली असायची, आणि डीबगर शहाण्या मुलासारखा सात म्हणायचा. नव्या सर्व्हरच्या पिसलेल्या क्रमात मात्र तो आधी आला की लाल, मागे पडला की हिरवा. जी चूक पकडायला विसरभोळा जन्माला घातला होता, तीच चूक तिच्या बंबातल्या उरल्यासुरल्या पाण्याने सात वर्षं झाकून ठेवली होती.

चूक सापडली की ताईला एरवी भूक लागायची. त्या दिवशी तिने पडद्यावरच्या शून्याकडे पाहिलं आणि डबा तसाच बाजूला सारला. हेच शून्य तिने आधी एकदा छापील कागदावर पाहिलं होतं. तिथे त्याचा अर्थ दिला होता: 'झडप बंद'. तो कागद तिच्या भावाच्या चौकशीचा होता.

भावाला घरात सगळे धाकटा म्हणत. चाळिशी उलटली तरी तो धाकटाच. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या धुलाई कारखान्यात तो वाफेच्या यंत्रावर होता. सव्वादोन वर्षांपूर्वी एका सकाळी वीज डोळा मिटावा तशी गेली आणि आली. त्याच वेळी यंत्रावरचा त्याचा जोडीदार अडकलेली चादर ओढायला यंत्राच्या तोंडात वाकला होता. वाफेची झडप उघडली. जोडीदाराचे दोन्ही डोळे गेले.

धाकटा पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, "मी हात लावला नाही. वीज आली आणि झडप आपोआप उघडली." कारखान्याने यंत्राचा प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांना बोलावलं. त्यांनी खबरदारी म्हणून झडप यंत्रापासून सोडवून ठेवली, डीबगर जोडला, वीज घालवली, आणली आणि झडपेचा कप्पा नुसता वाचला. शून्य, म्हणजे बंद. दहा वेळा तोच प्रयोग केला, दहाही वेळा बंद. डीबगर ताईच्याच कंपनीचा होता. यंत्र निर्दोष ठरलं. आणि यंत्र निर्दोष म्हटल्यावर उरलं कोण, हे सांगायला चौकशी समिती कशाला हवी?

जबाब द्यायच्या आदल्या दुपारी धाकटा ताईकडे आला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने तिच्यासमोर कागद ठेवले आणि विचारलं, "ताई, एकच सांग. तुमचं ते हत्यार चुकू शकतं का?"

'बघते' एवढं म्हणाली असती तरी पुरलं असतं. पण ताईला तीनशे चाळीस हिरवे दिवे डोळ्यांसमोर दिसत होते. "अरे, तो डीबगर माझ्या हाताखालून जातो," ती म्हणाली. "नेमक्या याच चुकीसाठी माझी वेगळी चाचणी आहे. तो खोटं बोलत नाही, धाकट्या. माणूस घाबरला की आपल्या हाताने काय केलं ते त्याला आठवत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कबूल केलंस तर निदान हट्टी तरी म्हणणार नाहीत." तिला खरंच वाटत होतं, आपण त्याचं भलं करतोय. धाकटा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "असेल तसं." दुसऱ्या दिवशी त्याने लिहून दिलं: 'झडप माझ्या हातून उघडली गेली असावी.' दोन महिन्यांनी निकाल लागला. नोकरी गेली, आणि कामगारांच्या सरकारी नोंदीत त्याच्या नावापुढे 'निष्काळजीपणा' हा शब्द चिकटला. तो शब्द बघून त्याला कुठल्याही यंत्राजवळ कोणी उभं करेना. आता तो एका कुरिअरच्या गोदामात पाकिटं वेगळी करायचं काम करत होता.

शुक्रवारी पडद्यासमोरून उठून ताई त्याच पावली साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि पहिला प्रश्न विचारला, "हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"अजून कोणाला नाही. पण होईल," ताई म्हणाली.

"ताई, झाकली मूठ..."

"साहेब, त्या मुठीत माझा भाऊ आहे."

ती अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवून बोलली होती. साहेब वाईट माणूस नव्हते, नुसते दमलेले होते. त्यांनी वकिलाला फोन केला, दोनदा आत-बाहेर केलं आणि दुपारी दोन पानी अहवालावर सही करून दिली. प्रोग्राम नुकताच सुरू झालेला असला तर डीबगर चुकीचा आकडा दाखवतो, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. अहवाल देताना ते म्हणाले, "आपली चारशे गिऱ्हाइकं आहेत. सात वर्षांत किती जणांनी हे शून्य बघून 'यंत्र ठीक आहे' म्हणून सांगितलं असेल, देव जाणे." ताईने तो विचार तेवढ्यापुरता बाजूला सारला. एका माणसाचं निस्तरता आलं तरी खूप होतं.

तिथून ती कामगार कार्यालयात गेली. खिडकीमागच्या कारकुनाने बोटात रबरी टोपी घातली होती आणि तो एकेक कागद असा उलटायचा, जणू कागदाला झोपेतून उठवतोय. अहवाल त्याने दोनदा वाचला. वाचून चक्क मान डोलावली.

"भक्कम आहे हो," तो म्हणाला. "यावर प्रकरण पुन्हा उघडतं. शेरा पुसला जाईल, कारखान्याला नोकरीवर परत घ्यावं लागेल. पण अर्ज कामगाराचा पाहिजे. बहिणीचा चालत नाही."

"काय लिहायचं अर्जात?"

"फार काही नाही. मी झडप उघडली नव्हती, आधी दिलेला जबाब चुकीचा होता. खाली सही. छापील नमुनाच आहे, हा घ्या." मग त्याने नोंदवहीतली तारीख पाहिली. "निकालापासून दोन वर्षांची मुदत असते. येत्या गुरुवारी संपते. इतके दिवस काय करत होतात तुम्ही, बाई?"

ताईने नमुना घडी करून पिशवीत ठेवला. गुरुवारला अजून सहा दिवस होते. सहा दिवस म्हणजे रग्गड, असं ती घरी जाताना स्वतःला सांगत होती. तिला किती दिवसांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. रस्त्याने तिने मनातल्या मनात धाकट्याची माफी चार-पाच वेळा मागून पाहिली, शब्द बदलून बदलून. कुठलीच धड जमत नव्हती, पण तो हसेल आणि 'राहू दे गं' म्हणेल, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

शनिवारी धाकट्याची गोदामात पाळी होती. रविवारी सकाळी ती त्याच्याकडे गेली. दार भावजयीने उघडलं. बाहेरच्या खोलीत दोरीवर कपडे वाळत होते, सगळे चुरगळलेले.

"इस्त्री बिघडली का गं?" ताईने विचारलं.

"इस्त्री धड आहे," भावजय हळू आवाजात म्हणाली. "मी लावली की हे उठून बटण बंद करतात. घरात वाफ नको म्हणतात. तुम्ही बसा, ताई. बुटांना पॉलिश करतायत. रविवारी जायचं असतं ना त्यांना."

दर रविवारी धाकटा जोडीदाराकडे जाऊन त्याला आठवड्याची वर्तमानपत्रं वाचून दाखवायचा. गेली दोन वर्षं एकही रविवार त्याने चुकवला नव्हता. तो बुरूस हातात घेऊनच बाहेर आला. ताईला बघून त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा, सकाळी सकाळी! जेवून जा हं. मी दोनपर्यंत येतो."

"आधी बस," ताई म्हणाली. "तुला काहीतरी दाखवायचंय."

तिने लॅपटॉप उघडला आणि त्याला सगळं दाखवलं. विसरभोळा, त्याच्या कप्प्यातला सात, डीबगर सांगत असलेलं शून्य. कोरी वही म्हणजे काय, वीज गेली की यंत्राचा प्रोग्राम नव्याने कसा सुरू होतो, झडपेच्या कप्प्यात मागचं 'उघड' कसं पडून राहतं. धाकटा काही ढ नव्हता. आयुष्य यंत्रांत गेलेलं. त्याने मध्येच दोन अचूक प्रश्न विचारले, एकदा तिच्याकडून पुन्हा चालवून घेतलं, आणि सगळं कळल्यावर हळूच शीळ घातली.

"म्हणजे तुमचं हत्यार खोटं बोलत होतं."

"हो. माझ्यामुळे. धाकट्या, मी तुला..." तिने अर्जाचा नमुना काढून त्याच्यासमोर ठेवला. "यावर सही कर. गुरुवारपर्यंत द्यायचाय. सगळं पुसलं जाईल."

धाकट्याने नमुना वाचला. भावजय दारात उभी होती, तिने पदराचा बोळा करून तोंडावर धरला होता. मग त्याने कागद सरळ करून टेबलावर परत ठेवला.

"यंत्र बिघडलं असेल, ताई. पण झडप मी उघडली होती."

"काय?"

"मी चाक फिरवलं होतं. उजव्या हाताने. चाक गरम होतं, माझा तळवा भाजला होता. मला स्पष्ट आठवतं."

"अरे, पण तेव्हा तर तू म्हणत होतास, हात लावला नाही!"

"तेव्हा मी घाबरलो होतो. घाबरलं की नाही आठवत. मग हळूहळू आठवलं." हे तो अगदी शांतपणे म्हणाला.

तिने पिशवीतून चौकशीचे जुने कागद उपसले आणि यंत्राचा नकाशा त्याच्यापुढे आपटला. "हे बघ. तुझ्या यंत्राच्या झडपेला चाक नाहीच. तिथे मोटार आहे. चाक शेजारच्या जुन्या यंत्राला होतं. जे नाहीच, ते तू फिरवलंस कसं?"

धाकट्याने नकाशा नीट पाहिला. बोट ठेवून पाहिला. त्याच्या कपाळाला आठी पडली, तेव्हा एक क्षणभर तिला वाटलं, आला, परत आला.

"खरंच की," तो म्हणाला. "मग बटण दाबलं असेल. हो, बटणच. हिरवं. बरोबर आहे, चाक जुन्या यंत्राचं."

तिला चाचण्या येत होत्या, माणसं येत नव्हती, पण हे तिला लगेच कळलं. चौकशीत त्याने एकदा सांगितलं, मग बायकोला, मग जोडीदाराला, मग दोन वर्षं स्वतःला. प्रत्येक वेळचं सांगणं आधीच्या सांगण्यावर बसलं होतं, आणि 'असावी' कधी गळून पडलं हे कोणालाच कळलं नव्हतं. फिक्स्चर पुसून कोरं करता येतं. या माणसाला त्या सकाळपर्यंत कोरं करून आणायची सोय कुठेच नव्हती.

"बरं, तुला वाटतं तसं वाटू दे," ती गयावया करत म्हणाली. "तरी सही कर. माझ्यासाठी कर. तिच्यासाठी कर."

"अहो, करा ना," भावजय म्हणाली. "एक सही तर आहे."

"खोटं लिहू?" धाकट्याने विचारलं. त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. लहानपणी फुटलेल्या काचेसाठी दुसऱ्याचं नाव सांगायला लावलं, तेव्हाही तो असाच बघायचा. "आणि त्याला काय सांगू? गेल्या वर्षी त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, जाऊ दे, मी माफ केलं. त्याचे डोळे गेले, ताई, आणि तरी त्याने माफ केलं. त्यानंतर मी पहिल्यांदा रात्रभर झोपलो. आता जाऊन सांगू, की मी काही केलंच नव्हतं, तुझी माफी परत घे?"

ताईने आणखी तासभर डोकं आपटून पाहिलं, भांडून पाहिलं, रडूनही पाहिलं. तो तिची समजूत काढत राहिला. तिला पाणी आणून दिलं, पाठीवर हात ठेवला. दुःख तिचं आणि समाधान करणारा तो, असा उलटा कारभार चालला होता. भावजय मध्येच आत निघून गेली आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

शेवटी ताई म्हणाली, "निदान मला तरी बोल काहीतरी. मी तुला त्या दिवशी टेबलाशी बसून जे सांगितलं ना, ते साफ चुकीचं होतं. तुझ्या तोंडचं खरं मी काढून घेतलं. मला माफ तरी कर."

धाकट्याला ते खरोखर समजलं नाही. तो तिच्याकडे मायेने बघत होता, पण तिला माफ करण्यासारखं त्याला तिच्यात काही सापडत नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं, पायांत बूट सरकवले आणि खाली वाकून नाड्या बांधता बांधता म्हणाला, "काहीतरीच काय, ताई. तू सांगितलंस म्हणून तर मला आठवलं. बरोबरच सांगितलं होतंस तू."

वर्तमानपत्रांचा गठ्ठा काखेत मारून तो बाहेर पडला. जिन्यात त्याची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत ताई बसून राहिली, आणि मग तिने न भरलेला नमुना कागदांत ठेवला. गुरुवारी मुदत संपली.